एकतीस टक्क्यांचा वॉर्ड

सोमवार, ३

आज नोकरी लागली. निवृत्त होऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत मी घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि शेवटी बायको म्हणाली, "आता माझ्या मशीनला हात लावलात तर बघा." म्हणून बाहेर पडलो.

काम सर्व्हेचं. निवडणूक तेविसाला. आमच्या वॉर्डातली तीनशे घरं, प्रत्येक घराला तीन फेऱ्या, दोन प्रश्न: कुणाला मत देणार, आणि मुळात देणार का. सर्व्हेच्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "गेल्या वेळी तुमच्या वॉर्डात एकतीस टक्के मतदान झालं. शहरात सर्वात कमी. असं का, ते आम्हाला शोधायचंय."

म्हटलं, "मॅडम, शोधायचं काय त्यात? आमच्याकडे मतं सगळ्यांना आहेत, मत कुणी देत नाही."

त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तिथेच ठरलं की निवड माझी. शिवाय चौतीस वर्षं मी या वॉर्डात विजेची मीटरं वाचली आहेत. माझ्यासाठी दार उघडत नाही असं एकही घर नाही. उघडून लोक खूश होत नाहीत, हा भाग वेगळा. काम चोख झालं तर कायम करू, असंही मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कुणाच्या तरी पँटला चेन बसवत होती. तोंडात टाचण्या. त्या काढून तिने विचारलं, "कुठल्या कुठल्या गल्ल्या आहेत? तिसरी गल्ली आहे का त्यात?"

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामात पहिल्यांदाच रस घेतला. बरं वाटलं.

बुधवार, ५

पहिली फेरी सुरू. अठ्ठावीस घरं झाली, पायांचे तुकडे पडले.

उमेदवार तीन. सत्तेवाल्यांनी बाथरूमच्या टाइल्सचं दुकान असलेला माणूस उभा केलाय. त्याच्या प्रत्येक पोस्टरवर तो असा काही हसतो की मागे नवीन कमोड बसवलाय असं वाटतं. विरोधवाल्यांनी शाळेतला पीटीचा मास्तर दिलाय. त्याचं भाषण ऐकताना आपोआप ताठ उभं राहायला होतं, बाकी काही लक्षात राहत नाही. तिसरी आमची सिस्टर. म्हणजे कुणाची बहीण नाही, नर्स. आमच्या सरकारी दवाखान्यात तिने तीस वर्षं इंजेक्शनं दिली. गेल्या वर्षी दवाखाना बंद करून सामान शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तेव्हा ही निवृत्त होऊन घरी बसली होती. आता अपक्ष उभी आहे. चिन्ह मिळालंय बादली.

बादली! मी जेवताना खूप हसलो. बायको हसली नाही. तोंडात घास होता तिच्या.

लोकांचा कल मला प्रश्न विचारायच्या आधीच कळतो. ज्याच्या नळाला चौथ्या मजल्यावरही पाणी चढतं, तो सत्तेवाला. जो बादल्या भरून वर नेतो, तो विरोधवाला. आणि जो भाड्याने राहतो तो म्हणतो, "काका, आम्ही दोन वर्षांत जाणार." हे दोन वर्षांत जाणारे सोळा वर्षांपासून इथेच आहेत.

मत देणार का, यावर सगळे म्हणतात, "देणार ना, कर्तव्य आहे." हे सांगताना एकही माणूस माझ्याकडे बघत नाही. दाराच्या कडीकडे बघतात. मी मीटर वाचायला जायचो तेव्हा ज्यांनी आकडा टाकून वीज घेतलेली असायची, तेही असेच कडीकडे बघायचे.

रविवार, ९

बायकोच्या गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली होती. सिस्टरने सांगितलं, रोज संध्याकाळी तासभर चाला. आता दोघी मिळून चालतात, बरोबर खालची शिक्षिका आणि मेडिकलवाल्याची बायकोही असते. आज दीड तास लागला. गुडघेदुखीला जिने वाईट असं मी ऐकून होतो, पण यांना सिस्टरने जिनेसुद्धा चढायला सांगितले आहेत. पहिल्या गल्लीतल्या सगळ्या इमारती चढून आल्या.

"दमलीस?" मी विचारलं.

"चार मजल्यांवर जोशात होते," ती म्हणाली, "पाचव्यावर एकाने अर्धा तास डोकं खाल्लं."

व्यायाम करताना लोकांनी मध्ये बोलू नये. लोकांना तेवढंही कळत नाही.

मात्र गुडघ्यात फरक आहे. काल ती शिट्टी वाजवत चेन बसवत होती.

शुक्रवार, १४

दुसरी फेरी. एक त्रास सुरू झालाय.

फॉर्मवर तीन चौकटी आहेत: सत्तेवाले, विरोधवाले, इतर. पहिल्या फेरीत 'इतर' अकरा होते. आता छप्पन्न घरांत एकोणतीस. मी विचारतो, "इतर म्हणजे नक्की कोण?" तर एक म्हणतो, "बघू." दुसरी म्हणते, "तुम्हाला काय सांगायचं काका, तुम्ही तर घरचेच." एक म्हातारा तर डोळा मारून गेला. म्हातारे लोक उगाच डोळे मारतात.

मला एवढं कळतं की 'इतर' म्हणजे ज्याचं अजून ठरलेलं नाही तो. लाजेखातर बोलत नाही. म्हणून अहवाल भरताना मी 'इतर' निम्मे टाइल्सवाल्याकडे आणि निम्मे पीटीच्या मास्तराकडे टाकले. मॅडमना सांगितलं नाही. अनुभवी माणसाने थोडं डोकं वापरायचं असतं. सिस्टरला माझ्या अंदाजाने चार टक्के, आणि तेसुद्धा इंजेक्शनाच्या भीतीने.

शनिवार, १५

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत आमचंही घर आहे; पहिल्या फेरीत राहून गेलं होतं. नियम म्हणजे नियम. बाहेर जाऊन बेल वाजवली. बायकोने दार उघडलं.

"नमस्कार," म्हटलं, "मी सर्व्हेसाठी आलोय. आपण कुणाला मत देणार?"

"अहो, चावी विसरलात का?"

"नाही, मी कामावर आहे. कुणाला देणार?"

ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "खरं सांगू?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. मी थांबलो नाही. तिचं काय असणार, माझं तेच तिचं. 'सत्तेवाले' भरून टाकलं, 'मत देणार' यावर खूण केली. वेळ वाचला.

बुधवार, १९

आज हे लिहायचंच. ही वही कुणी वाचत नाही, आणि दिवसभर लोकांना "मत देणार का" विचारून विचारून आता मीच कडीकडे बघायला लागलोय.

मी बावीस वर्षं मत दिलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी गेलो होतो. एक तास रांगेत उभा राहिलो. टेबलापाशी पोचलो तर क्लार्कने यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही येऊन गेलात." म्हटलं, मी आत्ता येतोय. तो म्हणाला, "सकाळी साडेआठला येऊन गेलात, ही बघा सही." सही माझी नव्हती, पण माझ्यापेक्षा चांगली होती. मागची रांग हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "एका माणसाला किती वेळा देता रे?" मी भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो आणि निघालो. "बरं"! ऑफिसात भल्याभल्यांची कनेक्शनं तोडणारा माणूस मी.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "दिलंत?" मी म्हटलं, "दिलं." तोंडातून गेलं ते गेलं.

तेव्हापासून लहानमोठ्या नऊ निवडणुका झाल्या. दर वेळी मी घरातून निघतो, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये तासभर बसतो, सलूनवाल्याशी देशाची वाट कुणी लावली यावर बोलतो, आणि येताना बोटाला ऑफिसातली खुणा करायची जांभळी शाई लावतो. निवृत्त होताना एक बाटली घेऊन आलो, तीन-चार निवडणुका सहज जाईल. सलूनवालाही मत देत नाही. आमचं दोघांचं त्यावर एकमत आहे.

बायकोला कधी संशय आला नाही. एकदाच म्हणाली होती, "तुमची शाई लवकर जाते हो, माझी महिनाभर राहते." मी म्हटलं, माझी त्वचा उष्ण आहे.

शनिवार, २२

तिसरी फेरी संपली. अंतिम अंदाज पाठवला: मतदान तेहेतीस टक्के. टाइल्सवाले अठ्ठावन्न, पीटीचे मास्तर अडतीस, बादली चार. मॅडम म्हणाल्या, "इतके स्वच्छ आकडे मला आजवर कुणी दिले नाहीत." मी नम्रपणे गप्प बसलो.

'इतर' शेवटी एकशे एकवीस झाले होते. पण ठरवलेली पद्धत मध्येच बदलणं बरं नव्हे.

बायको आज दुपारीही चालायला गेली होती. परत आली तेव्हा आवाज बसला होता. चालण्याने आवाज कसा बसतो, ते सिस्टरला विचारायला हवं.

रविवार, २३

मतदान.

बायको सातला उठून गेली. मी साडेदहाला शाईची बाटली खिशात घालून निघालो. सलून बंद! शटरवर कागद: 'मत देऊन येतो'. मी तो कागद तीनदा वाचला. इतका मोठा विश्वासघात माझ्याबरोबर ऑफिसातही कधी झाला नव्हता.

दुसरं जायचं कुठे? चहाची टपरी बंद. वाचनालय बंद. घरी इतक्या लवकर परत जाता येत नाही. फिरत फिरत शाळेपाशी गेलो. म्हटलं, लांबून गर्दी बघू, सर्व्हेच्या कामाला येईल.

रांग फाटकाबाहेर आली होती. पानाच्या दुकानापर्यंत. त्यात 'देणार' म्हणूनही मी फॉर्मवर अंदाजाने 'नाही' लिहिलेले लोक उभे होते. दोन वर्षांत जाणारे भाडेकरू उभे होते. डोळा मारणारा म्हातारा खुर्ची घेऊन आला होता आणि रांग पुढे सरकली की खुर्चीसकट सरकत होता. सलूनवाला मधोमध, माझ्याकडे बघून असा काही वळला की जणू पलीकडच्या भिंतीवर काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय.

"या मीटरवाले काका, या," भाडेकरूंपैकी एकजण म्हणाला आणि त्याने जागा केली. मला वाटतं मी नाही म्हणणार होतो. पण मागून दोघं आले, त्यांनी गृहीत धरलं की मी रांगेतच आहे, आणि मग मी रांगेतच होतो.

पन्नास मिनिटं. टेबल जवळ येऊ लागलं तशी मी खिशातली शाईची बाटली आणखी खाली दाबली. क्लार्क या वेळी मुलगी होती. तिने यादीत नाव शोधलं. बोट वरून खाली, खालून वर. मला वाटलं, आता म्हणणार, तुम्ही येऊन गेलात. मी मनात भांडणाची पहिली तीन वाक्यं तयार केली. आवाजसुद्धा घशाशी आणून ठेवला.

"सही करा," ती म्हणाली.

माझी सही मला पटकन आठवेना.

आत गेलो. पडदा, यंत्र, तीन बटणं. टाइल्सवाला हसत होता. मास्तर ताठ होता. बादली नुसती बादली होती. बरीच वर्षं झाली, आमची मुलगी चार वर्षांची असताना एकशे चार ताप होता आणि डॉक्टर जागेवर नव्हता, तेव्हा सिस्टर दवाखाना बंद करून आमच्या घरी येऊन बसली होती, मुलीच्या कपाळावर ओली घडी ठेवत. हे मी विसरलो नव्हतो. फक्त त्याचा निवडणुकीशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

बटण दाबलं. केवढा मोठा आवाज येतो त्या यंत्राचा!

घरी आलो. बायकोने नेहमीसारखं विचारलं, "दिलंत?"

"दिलं."

तिने माझा हात धरला. अंगठा ओला करून बोटावरची शाई घासली. पुन्हा घासली. शाई हलली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बहुतेक दूध उतू गेलं असावं.

मंगळवार, २५

निकाल. मतदान बावन्न टक्के. टाइल्सवाला निवडून आला. दुसऱ्या नंबरावर सिस्टर. त्रेसष्ट मतांनी पडली. पीटीच्या मास्तराचं डिपॉझिट गेलं.

मी माझा अंदाजाचा कागद काढला आणि लगेच परत ठेवला.

सिस्टर, शिक्षिका, मेडिकलवाल्याची बायको आमच्याच घरी जमल्या होत्या. टेबलावर वॉर्डाचा मोठा नकाशा पसरलेला, गल्ल्यांवर लाल-निळ्या खुणा. तिसऱ्या गल्लीवर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अवघड, पुन्हा जाणे.'

मी नकाशा बघितला. मग बायकोकडे बघितलं.

"म्हणजे तुझा गुडघा..."

"दुखतो ना," ती म्हणाली. "एकोणपन्नास जिने चढले. आता जास्तच दुखतो."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सर्व्हेवाले. आम्ही तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, अहवालात ढवळाढवळ नको. आणि तुम्ही बादलीला हसला होतात."

सिस्टर नकाशाची घडी घालत होती. हरलेल्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हटलं, "त्रेसष्ट म्हणजे फार नाही." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. दोन दिवसांत मी तेवढी इंजेक्शनं देत होते." मग तीच आधी हसली, आणि मग बायकोच्या डोळ्यांना पाणी आलं. चहा मी केला.

गुरुवार, २७

मॅडमचा फोन. "काका, इतर कुठे गेले?"

खरं सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "एकशे एकवीस घरं तुम्हाला सांगत होती आणि तुम्ही ती वाटून टाकलीत?" नोकरी गेली. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी "काळजी घ्या" म्हटलं.

दुपारी दाराशी नवा नगरसेवक, स्वतः टाइल्सवाला, दोन माणसं घेऊन उभा. या वॉर्डात निवडून आलेला माणूस निकालानंतर पाऊल ठेवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. मी शर्टाची वरची गुंडी लावली, खुर्ची पुढे केली. म्हटलं, "या, सर्व्हेबद्दल काही विचारायचं असेल तर..."

"बाई आहेत का?" तो म्हणाला. "चेन बसवणाऱ्या?"

बायको बाहेर आली नाही, त्याला आत बोलावलं. मशीनपाशी स्टुलावर बसवलं. मी दारातून ऐकलं. दवाखान्याचं काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, बघतो, अवघड आहे, मागणी दाखवावी लागेल, निदान हजार सह्या. ती म्हणाली, "हजार का? पंधराशे आणते. तारीख द्या." त्याने घाम पुसला. त्रेसष्ट हा आकडा त्यालाही रात्रंदिवस दिसत असणार.

तो गेल्यावर मी तीनशे फॉर्मचा गठ्ठा बायकोसमोर ठेवला. कंपनीला आता नको होता. म्हटलं, "यात आहे कोण कुठे, कोण मत देत नाही. तुम्हाला सोपं जाईल."

संध्याकाळी सिस्टरने तो गठ्ठा बघितला आणि परत दिला. "लोकांनी विश्वासाने सांगितलंय. पेशंटचं दुसऱ्याला सांगत नसतात. फाडा." दोन तास फाडत बसलो. इतकी मोठी कामगिरी माझ्याच हातांनी.

बायको म्हणाली, "कागद नकोत. पण तुम्हाला दारं उघडतात. तुम्ही चला."

त्यांना अनुभवी माणसाची गरज होतीच. एवढे दिवस संकोच करत असाव्यात.

रविवार, ३०

आज पहिला दिवस. जबाबदाऱ्या वाटून घेतल्या आहेत: बोलायचं बायकोने, सह्या घ्यायच्या शिक्षिकेने, बेल वाजवायची मी. मी बोलायचं नाही, असं वेगळं सांगण्यात आलंय.

तिसऱ्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक बनियनवाला गृहस्थ आहे. मला सर्व्हेत तिन्ही वेळा 'मत देणार नाही' असं तोंडावर सांगणारा वॉर्डातला एकमेव माणूस. दार उघडलं, कागद बघितला. "सही करून काय होणार? मी मत देत नाही, सही काय देऊ? कुणी येवो, कुणी जावो, आपल्याला कोण विचारतं?"

बायकोने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी मीच बोललो.

"मीही देत नव्हतो. बावीस वर्षं. एकदा माझ्या नावावर दुसराच देऊन गेला, लोक हसले, तेव्हापासून गेलोच नाही. सलूनमध्ये बसायचो. बोटाला ऑफिसची शाई लावून घरी यायचो. ही उभी आहे ना, हिलासुद्धा माहीत नाही."

"माहीत आहे," बायको म्हणाली.

शिक्षिका चपलांकडे बघायला लागली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. साबणाने जाते ती शाई."

बनियनवाला एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला जरा मजा वाटत होती, आणि जरा दारही लावावंसं वाटत होतं. "मग या वेळी का दिलंत?" त्याने विचारलं.

मी विचार केला. काहीतरी भारदस्त सांगावं असं फार वाटलं. "रांग लांब होती," म्हटलं. "एवढे लोक उभे आहेत म्हटल्यावर वाटलं, आपलंच राहून जाईल."

तो हसला. सही नाही केली. "उद्या या," म्हणाला, "जरा विचार करतो." पण दार हळू लावलं.

शिक्षिका सह्यांचा एक कागद माझ्याकडे देऊन वर गेली. आम्ही दोघं जिन्यात राहिलो. मी म्हटलं, "बावीस वर्षं तू काही बोलली नाहीस."

ती कठड्याला धरून गुडघा चोळत होती. "काय बोलणार?" ती म्हणाली. "दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालायचात, भांग पाडायचात, आरशात बघून निघायचात. म्हटलं, माणूस इतकी तयारी करतोय तर एखाद्या वेळी आत जाईलही."

तिने माझ्या हातातला सह्यांचा कागद घेतला, कठड्यावर ठेवून सरळ केला आणि परत दिला.

"चला," ती म्हणाली, "समोरची बेल वाजवा."

मी वाजवली.